नारूमागून येणारा माणूस

नारू म्हणजे काय, हे आता लोकांना समजावून सांगावं लागतं. याचा मला अभिमान आहे, कारण तो घालवणाऱ्यांत मीही होतो. पण कधीकधी थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटतं. ते का, हे सांगायला हा एवढा लेख लिहावा लागतो आहे.

आधी किड्याबद्दल. नारूची मादी दोऱ्यासारखी बारीक, पांढरी आणि दीड-दोन हात लांब. ती माणसाच्या कातडीखाली राहते. वर्षभर राहते, आणि ज्याच्या अंगात राहते त्याला पत्ता लागत नाही. मग एके दिवशी घोट्याजवळ फोड येतो आणि पाय असा पेटतो, की माणूस हातातलं काम टाकून पाण्याकडे धावतो. पाय पाण्यात बुडवला की फोड फुटतो, आग थांबते, आणि ती मादी तोंड बाहेर काढून पाण्यात पिल्लं सोडते. दुधासारखी धार दिसते. म्हणजे बघा, तिला पाय नाहीत, डोळे नाहीत, विहीर कुठे आहे हे तिला ठाऊक नाही. पण माणसाला चालवत ती बरोबर विहिरीपर्यंत नेते. त्या पिल्लांना पाण्यातले बारीक जीव गिळतात. पेला उजेडाकडे धरला तर हे जीव टिंबासारखे उड्या मारताना दिसतात. असं पाणी कुणी प्यालं, की पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या पायाला फोड.

यावर औषध नव्हतं. बाहेर आलेलं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज किंवा दिवसाआड बोटभर ओढायचं. घाई केली तर किडा तुटतो, आत राहिलेला भाग सडतो आणि पाय मांडीपर्यंत सुजतो. त्यामुळे नारू काढणं म्हणजे मुख्यतः धीर धरणं. आणि तो होऊ नये म्हणून दोनच गोष्टी करायच्या. पाणी दुपदरी कापडातून गाळून प्यायचं, आणि ज्याला नारू आहे त्याने विहिरीत उतरायचं नाही. एवढंच गावोगाव सांगण्यासाठी सरकारने मला पगार आणि एक सायकल दिली होती.

मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेला. आमच्या घराण्यातला पहिला. वडील माण तालुक्यात मेंढरं राखत आणि कागदावर अंगठा उठवत. पोरगा शिकला, आता खुर्चीत बसेल, असं त्यांना वाटलं होतं. पोरगा सायकलवर बसला.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. चिंचवडला पवनेच्या अंगाला मी एक खोली घेतली होती. पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना उभा राहत होता, बाकी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी. माझ्याकडे चाकणच्या अलीकडची माळावरची गावं होती. काढलेले नारू काचेच्या बाटलीत स्पिरिटमध्ये घालून मी पिशवीत ठेवायचो, गावकऱ्यांना दाखवायला. ही गोष्ट खानावळीत कळली आणि तेव्हापासून माझ्या पाटाशेजारचा पाट रिकामा राहू लागला. वाढपीसुद्धा लांबून भाजी टाकायचा. लग्नाच्या दोन बोलण्या याच बाटलीपायी मोडल्या. मुलीच्या मामाने विचारलं, "मुलगा काय करतो?" आमच्या मध्यस्थाने खरं सांगितलं, "नारू काढतो." मामा चहा न घेता उठले.

गावातली गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एका शाळामास्तरांचं ठाम मत होतं, की नारू हा किडा नसून शरीरातली शीर आहे आणि मी लोकांच्या शिरा उपसत हिंडतो. मी बाटली पुढे केली. ते म्हणाले, "ही मेलेली शीर आहे." एका पैलवानाने कुस्तीत तालुका गाजवला होता; त्याने स्वतःच्या पायातून नारूचं टोक डोकावताना पाहिलं आणि तो माझ्या अंगावर आडवा झाला. त्याच्याखालून निघायला मला दोघांची मदत लागली.

पण सांगायचं आहे ते हौसाबाईबद्दल.

तिचं गाव मोशीचा पूल ओलांडून बरंच पुढे, माळावर. नदी लांब, म्हणून सगळं गाव एका बारवेवर. बारव म्हणजे पायऱ्या उतरून थेट पाण्यापर्यंत जाता येतं अशी दगडी विहीर. गाव स्वच्छतेला पक्कं. माळावरून चालत आलेल्या धुळीच्या पायांनी घागर भरायची नाही, अशी तिथली शिस्त होती. म्हणून प्रत्येक बाई शेवटच्या पायरीवर उभी राहून आधी पाय पाण्यात स्वच्छ धुवायची आणि मग तिथेच घागर बुडवायची. नवीन सुनेला सासू पहिल्या दिवशी हेच शिकवायची. नारूला याहून चांगली सोय काय हवी होती?

गावकुसाबाहेरच्या वस्तीला मात्र त्या बारवेवर बंदी होती. ते लोक ओढ्याच्या वाळूत खड्डा करून, वाटीवाटीने पाणी उपसून घागर भरायचे. तिकडे एकाही घरात नारू नव्हता. मी हे चावडीवर सरळ बोलून दाखवलं. पाटील म्हणाले, "सायेब, तुमी नारूचं बगा." मग नारूचंच बघितलं.

पहिल्या उन्हाळ्यात हौसाबाईच्या डाव्या घोट्याला नारू होता. वय झालेलं, नवरा कधीच गेलेला, एकुलता मुलगा तुका पिंपरीला त्या नव्या कारखान्याच्या बांधकामावर राहायला गेलेला. घर गावाच्या टोकाला. मी एक दिवसाआड जायचो, काडीला एक वेढा द्यायचो, ओली पट्टी बांधायचो. दार उघडताना तिचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"पिंपरीवरनंच आलास न्हवं? आमचा तुका दिसला का रं?"

"मावशी, तिथे शेकडो माणसं आहेत."

"उंच हाय. हसला की डोळं मिटत्यात त्याचं."

एकदा मी खरंच तिथे थांबून त्याला शोधून काढलं. उंच होता. आईला नारू झाला आहे म्हटल्यावर हसलाही, आणि डोळे मिटले. "नारू व्हय? ते दरसालचंच हाय, राव," असं म्हणून तो पाटी उचलून गेला. हौसाबाईला मी सांगितलं, की तुका भेटला, बरा आहे, हसत होता. ते खोटं नव्हतं.

ती मला दर वेळी भाकरी खायला घालायची. मी खायचो. पण पाणी तिच्याकडचं प्यायचो नाही, कुणाकडचंच नाही. चिंचवडहून उकळलेल्या पाण्याची बाटली खांद्याला लावून न्यायचो. हा आमच्या नोकरीचा नियम होता. तिला तो लागायचा.

"भाकरी चालती आन् पानी चालत न्हाई? ही कुठली रं सोवळ्याची तऱ्हा?"

"मावशी, भाकरी तव्यावर भाजली जाते. पाणी भाजलेलं नसतं."

"मंग गाळते की तुझ्यासमोर."

"तुझ्यासाठी गाळ. तेवढ्यासाठीच मी इथे येतो."

तिने गाळलंही. मी दिलेलं जाड कापड दुहेरी घडी करून घागरीच्या तोंडाला बांधायची, गाळून झालं की पेला उजेडाकडे धरून टिंबं शोधायची. माझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी होती. आषाढाच्या सुमारास नारू पूर्ण निघाला. मी तो चुलीत टाकला.

"ग्येला?" तिने विचारलं.

"गेला."

"मंग आता तू?"

"आता दुसरी गावं."

ती "हं" म्हणाली आणि परातीतलं पीठ सारखं करत बसली. मी सायकल काढली. त्या वेळी मला तिच्या घोट्याचाच आनंद झालेला होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी त्या गावात गेलो तो घरोघर पाय तपासत. "पाय दाखवा" हेच माझं रामराम. बहुतेक घरांनी वर्षभर पाणी गाळलं होतं आणि फळ समोर होतं. एकेक उंबरा मागे पडत होता, पायामागून पाय स्वच्छ निघत होते. माझ्या हाताखालचं हे पहिलं गाव, जिथे नारू संपल्यात जमा होता. गाव असंच नारूविना राहिलं तर बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या आणि वर रहाट बसवायचा, असं वरच्यांनी कबूल केलं होतं. एकच अट. या उन्हाळ्यात बारवेत नारूचा एकही पाय पडता कामा नये. एक पाय पडला, की सगळं गाव पुन्हा पहिल्यापासून.

शेवटचं घर हौसाबाईचं. तिने पाय पुढे केला. उजव्या घोट्याला फोड होता.

मला वाटलं, कापड फाटलं असेल. तिने काही सांगितलं नाही. मी पाटलांकडे गेलो, पाटलांनी गाव गोळा केलं आणि ठरलं, की हौसाबाईने बारवेकडे फिरकायचं नाही, तिची घागर शेजारची सखू दारात नेऊन ठेवील. सखू कुरकुरली, पण तिने शब्द पाळला. मी खुशीत होतो. माझ्या हिशेबाने प्रश्न सुटला होता, कारण माझ्या हिशेबात फक्त पाणी होतं.

आठवडाभराने भर दुपारी मी गावात शिरलो. हौसाबाईचं दार उघडं, आत कुणी नाही. सायकल तिथेच टाकून बारवेकडे पळालो. ऊन रणरणत होतं, बारवेवर चिटपाखरू नव्हतं. खाली पाण्याजवळ हौसाबाई पायरीवर बसलेली, लुगडं घोट्याच्या वर धरलेलं.

"मावशी!" माझा आवाज दगडांत घुमला.

तिने वर पाहिलं नाही. "आग आग व्हतीया रं. जरा बुडवते. कुनी न्हाई बगत."

मी पायऱ्या कशा उतरलो मला आठवत नाही. तिच्या आणि पाण्याच्या मध्ये, खालच्या पायरीवर जाऊन बसलो.

"सर," ती म्हणाली.

"नाही सरत."

"सर म्हन्ते ना!"

"बुडवायचाच असेल तर माझ्या डोक्यावरून बुडव. गाव वर्षभर गाळून पाणी प्यालं आहे, मावशी. पोरांचे पाय बघ जरा."

तिने लुगडं खाली सोडलं. मग म्हणाली, "सखू घागर ठिवती उंबऱ्याशी आन् पळती. मला काय पटकी झालीया? सकाळच्याला बाया हितं येत्यात, बोलत्यात, हसत्यात. त्ये माज्या दारापत्तुर ऐकू येतं. पानी घरला येतं रं. मानसं येत न्हाईत."

मी तिला धरून वर आणलं. बारवेपासून लांब, उंबराच्या सावलीत बसवलं आणि माझ्या खांद्यावरच्या बाटलीतलं पाणी तिच्या पायावर हळूहळू ओतलं, सगळं. माती ते पिऊन टाकत होती. तिचा चेहरा निवत गेला.

"येक सांगू? रागावशील."

"सांग."

"मागल्या साली तू यायचा थांबलास, तवा म्या फडकं सोडून टाकलं. तवापास्नं न्हाई गाळलं."

"का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच अडाणी आहे.

"नारू असला की तू येतूस. दार वाजतं. मी दोन भाकरी जास्ती थापते. म्हटलं, जळला पाय उन्हाळाभर तर जळू दे."

मला राग आला, हे लपवत नाही. एका गावाची वर्षाची मेहनत या बाईने दोन भाकऱ्यांसाठी टांगणीला लावली होती. कॉलेजात आम्हाला व्याख्या पाठ होती: परजीवी ज्याच्या अंगात राहतो त्याचं खातो, त्यात एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं निव्वळ नुकसान. परीक्षेत या उत्तराला मला पूर्ण गुण मिळाले होते. हौसाबाईचा पाय माझ्या मांडीवर होता, आणि ते उत्तर काही केल्या पुरं पडेना. राग कुणावर काढायचा, तेही कळेना. मीदेखील त्या गावाला गरजेपेक्षा जास्त वेळा येत होतो. ज्या घरात माझ्या शेजारी बसून कुणी जेवतं असं ते एकच घर होतं, हे मला चिंचवडच्या खानावळीत रोज दोन वेळा कळत होतं.

"ऐक," मी म्हटलं. "पुढच्या उन्हाळ्यात तुझे पाय स्वच्छ असले तर मी येईन."

"आन् नारू निगाला तर?"

"तर येणार नाही. दुसऱ्याला पाठवीन. भाकरी न खाणाऱ्याला."

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. खरं बोलतोय की सरकारी बोलतोय, हे जोखत असावी. मग म्हणाली, "तुझं व्हट सुकल्यात. सगळं पानी माज्या पायावर घातलंस. आता चिचवडापत्तुर काय पिशील?"

ते खरंच होतं. बाटली रिकामी होती आणि जीभ टाळ्याला चिकटली होती.

घरी गेल्यावर तिने कणगीवर झाकलेलं ते कापड ओढून काढलं, झटकलं, धुतलं. पाठमोरी बसून तिने पाणी गाळलं. घडी दुहेरी घातली की एकेरी, हे मान वळवली असती तर मला दिसलं असतं. मी मुद्दाम भिंतीकडे पाहत राहिलो. तिने पेला दारातल्या उजेडात धरून निरखला आणि माझ्यासमोर ठेवला.

"दोनपदरी हाय. घे."

वर्षभर कापडाला हात न लावलेल्या बाईच्या हातचं ते पाणी होतं. मी शास्त्राचा पदवीधर. घटाघटा प्यालो. त्या सबंध नोकरीत खेड्यातलं पाणी मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो.

त्या उन्हाळ्यात ती पुन्हा बारवेत उतरली नाही. नारू निघेपर्यंत मी जात होतो, आणि सखूला बजावलं होतं की घागर ठेवल्यावर निदान एक सुपारी फुटेपर्यंत तरी बसायचं. सखू बसू लागली. पुढे तिलाच उठवावं लागायचं.

नंतर माझी बदली खेडच्या बाजूला झाली. पण त्या पाण्याचा निकाल लागायला वर्ष जाणार होतं. थंडी सरली तसा मी रोज अंघोळीला बसलो की घोटे चाचपायचो. नव्या खोलीवर माझी विचारपूस करणारं कुणी नव्हतं. माझ्या अंगात कुणी मुक्कामाला आहे की नाही, एवढीच काय ती उत्सुकता. होळी गेली, पाडवा गेला, ऊन तापलं. पाय कोरे.

एका रविवारी सायकल काढली. बारवेच्या पायऱ्यांवर भिंत उभी राहत होती, गवंडी सावलीला बसले होते. हौसाबाईच्या दारात गेलो. तिने मला पाहिलं आणि उंबऱ्यावर बसून दोन्ही पाय पुढे केले, शाळेत नखं दाखवतात तसे. स्वच्छ होते. मग मीही विजारीचे पाय वर केले. दोघांनी एकमेकांचे घोटे नीट पाहून घेतले.

"न्हाई ना निगालं काय?"

"नाही. चांगलं गाळलं होतंस."

"मंग? बोलली हुती की." आणि जरा थांबून, "आज सरकारी काम न्हाई?"

"नाही. असाच आलो."

"असाच?"

"असाच."

ती उठली, परात ओढली, आणि भिंतीपलीकडे ओरडली, "सखू, ये सखू! बग गं, असाच आलाय!"

पुढे ती असेपर्यंत मी वर्षातून एकदा-दोनदा जात राहिलो. मग ती गेली. बारवही बुजली, आता तिच्या जागी ट्रक उभे असतात. नोकरीत मी पुष्कळ गावं हिंडलो. निरोप समारंभात साहेबांनी माझ्या कामाचं कौतुक केलं, ते मला पटलंही.

आज मी मोशीला एका सोसायटीत राहतो. पत्नी जाऊन काही वर्षं झाली. स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे आणि ते बघायला समीर नावाचा एक मेकॅनिक येतो. लातूरकडचा आहे, मारुंजीला भाड्याने राहतो. मागच्या आठवड्यात पाण्याला वास येतो म्हणून मी त्याच्या कंपनीत तक्रार नोंदवली. त्याने सगळं उघडलं, पेल्यात पाणी घेतलं आणि खिडकीतल्या उजेडाकडे धरलं. मी बघत राहिलो.

"काका, काहीच नाही हो. मागच्या वेळी पण काही नव्हतं."

"असेल. माझं नाक म्हातारं झालं. चहा टाकलाय."

तो बसला. चहा पिताना मी त्याला नारूचं सांगितलं. त्याने ऐकलं, घोटे आखडून घेतले, हसला. दारात बूट चढवताना म्हणाला, "काका, पुढच्या वेळी कंप्लेंट नका टाकू. ती माझ्या नावावर लागते. नुसता फोन करा. रविवारी सुट्टी असते मला, येतो की."

आज शनिवार आहे. दूधवाल्याला उद्यासाठी अर्धा लिटर जास्त सांगितलं आहे.